पदावर ठेवावे का: हो / नाही

दक्षिण ऑकलंडमधल्या काही कुटुंबांचं आमचं एक छोटं मंडळ आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याच्या वार्षिक सभेत जी मतपत्रिका वाटली, तिच्यावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्या खाली चौथी एक ओळ होती. ‘निवाडा अधिकारी यांना पदावर ठेवावे का? हो / नाही.’ निवाडा अधिकारी म्हणजे मी. महाराष्ट्रात एकतीस वर्षं न्यायाधीश होते, कनिष्ठ स्तरापासून सुरुवात करून जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले, आणि अडुसष्टाव्या वर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून स्वतःच्याच पदापुढची चौकट बघत होते. शेजारच्या बाई पेनाचं टोपण दातात धरून विचार करत होत्या. एवढा कसला विचार पडला होता कुणास ठाऊक.

हे खूळ कुठून आलं ते आधी सांगते. इथल्या सरकारने संस्थांसाठी नवा कायदा केला. प्रत्येक संस्थेने आपली घटना नव्याने लिहायची आणि सभासदांच्या तक्रारी कशा सोडवायच्या याची रीत तिच्यात घालायची. मंडळाची समिती घाबरली. मग कुणाला तरी आठवलं की फ्लॅट बुश भागात मुलीकडे राहणाऱ्या त्या काकू जज होत्या. आजवर माझी आठवण मंडळाला फक्त श्रीखंडाचा चक्का टांगायच्या वेळी यायची. ती एकदम कायद्यासाठी आली म्हटल्यावर मी फुशारले, हे कबूल करते.

समितीत एक गृहस्थ होते. ते बारा वर्षं अमेरिकेत राहून इकडे आलेले, संगणकातले. कुठल्याही विषयावर ‘तिकडे आमच्या काउंटीत’ असं म्हणून सुरुवात करायची सवय. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं की त्यांच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, न्यायाधीश एकदा नेमला की ठरावीक वर्षांनी त्याचं नाव मतपत्रिकेवर येतं. समोर दुसरा उमेदवार नसतो. लोकांनी फक्त सांगायचं, हा राहू दे की जाऊ दे. “किती डेमोक्रॅटिक आहे बघा! अकाउंटेबिलिटी राहते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे डेमोक्रॅटिक म्हटलं की लोक उभ्या उभ्या सही करतात.

मी म्हणाले, “इथे न्यूझीलंडमध्ये तरी असं नाही. इथले न्यायाधीश नेमतात, मग सत्तरीपर्यंत कुणी मत मागत नाही त्यांच्याबद्दल.”

“काकू, ते कोर्ट झालं. आपलं कम्युनिटी आहे,” ते म्हणाले.

मसुदा एका स्थानिक वकीलबाईंना दाखवला होता. मंडळाचं काम त्या फुकट बघायच्या. त्यांनी ते कलम दोनदा वाचलं आणि मला एकटीला विचारलं, हे तुम्हाला खरंच चालणार आहे का? मी हसून म्हणाले, माझ्या नोकरीत मी आमदारांना भ्यायले नाही, या लोकांना काय भिणार. त्यांनी खांदे उडवले आणि कागद मिटला.

हा माज उगाच नव्हता. माझी पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी झाली, तेव्हा गॅसच्या कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. गावातल्या गॅस एजन्सीच्या मालकाचा भाडेकरूविरुद्धचा दावा माझ्यापुढे चालू होता. एके सकाळी दारात दोन सिलिंडर आणि नवी कोरी शेगडी उभी. सोबत चिठ्ठीही नाही, चिठ्ठीची गरजच काय. मी पट्टेवाल्याला सांगून ते जसंच्या तसं परत धाडलं आणि पुढची तीन वर्षं स्टोव्हवर स्वयंपाक केला. नवरा बँकेत होता. पिन मारता मारता म्हणायचा, तुझी न्यायदेवता रॉकेल फार पिते. निकाल भाडेकरूच्या बाजूने होता, तसाच दिला. आठ महिन्यांनी माझी बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. मुलगी दोन वर्षांची होती, नवरा मागे राहिला, हाल झाले. पण त्या बदलीसाठी किंवा ती टाळण्यासाठी मला कुणाशी गोड बोलावं लागलं नाही. मला ते येतच नाही, अशी माझी समजूत होती.

निवाडा अधिकारी म्हणून पहिलं वर्ष मजेत गेलं. तक्रारी अशा की हसावं की रडावं कळू नये. गणपतीच्या आरतीला पहिल्या रांगेत कोण उभं राहिलं, सहलीला नेलेली मंडळाची मोठी पातेली कुणाच्या गराजमध्ये अडकली, नाटकाच्या तालमीला हॉलची किल्ली कुणी दिली नाही. मी सगळं रीतसर केलं. लायब्ररीची मीटिंग रूम घ्यायची, दोन्ही बाजूंना नोटीस, दोघांचं ऐकायचं, लेखी निकाल द्यायचा. काउंटरवरची मुलगी “किया ओरा” असा माओरी नमस्कार करून किल्ली द्यायची आणि मी खोलीतल्या छोट्या मुलांच्या खुर्च्या बाजूला सारून टेबल मधोमध ओढायची. जावई चिडवायचे, “आई, हातोडा आणू का?” मला मात्र मनापासून बरं वाटत होतं. मुलीच्या घरी सगळं आहे, गाड्या आहेत, मागच्या अंगणात उड्या मारायचं ट्रॅम्पोलिन आहे, पण सकाळी साडेसातनंतर त्या घरात माझ्या मताची गरज कुणालाच नसते.

मग डिसेंबरात ती तक्रार आली.

अवोन्डेलला एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग भरतो. आठ वर्षं तो एकच बाई चालवत होत्या. चाळिशीच्या, मूळच्या सोलापूरकडच्या. आठवडाभर ओटाहुहुला एका बेकरीत पहाटेपासून काम, आणि रविवारी हा वर्ग, बिनपगारी. मुलं त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि त्या न कंटाळता पुन्हा मराठीत विचारायच्या. वर्षअखेरच्या संमेलनासाठी त्यांनी स्वतः एक छोटं नाटक लिहिलं. बाहेर रविवारचा बाजार भरतो, म्हणून नाटकातही भाज्यांचा बाजार. सगळ्यांत मोठं काम वांग्याचं, ते म्हणजे भाज्यांचा सरपंच. ते काम मिळालं होतं एका डॉक्टरांच्या मुलाला. तो चार तालमींना आला नाही. बाईंनी वांगं एका नव्या आलेल्या मुलीला दिलं आणि याला बटाट्यांत बसवलं.

मुलाच्या आजी खास पुण्याहून नातवाचं काम बघायला आलेल्या. पडदा उघडला आणि नातू बटाटा. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समितीला ईमेल धाडला. विषय होता, ‘चाइल्ड सेफ्टी कम्प्लेंट’. मुलाला सर्वांदेखत अपमानित करून मानसिक इजा केली, असं आत लिहिलेलं. डॉक्टर म्हणजे मंडळातलं मोठं प्रस्थ. स्वतःचं क्लिनिक, तीस-चाळीस कुटुंबं त्यांच्या ऊठबशीतली, आणि फेब्रुवारीत ते अध्यक्षपदाला उभे राहणार हे सगळ्यांना माहीत. समितीने त्याच संध्याकाळी बाईंना कळवलं की मुलांच्या सुरक्षिततेच्या तक्रारीमुळे तुम्हाला वर्गावरून दूर करत आहोत. विचारलं नाही, बोलावलं नाही. एका वांग्यापायी आठ वर्षांची बाई एका ओळीत काढून टाकली.

बाईंनी माझ्याकडे अर्ज केला. जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, एका शनिवारी मी सुनावणी ठेवली. शाळांना सुट्ट्या, लायब्ररी रिकामी, खिडक्या उघडून पण जीव उकडून निघत होता. डॉक्टर जँडल्स, म्हणजे रबरी चपला घालून, समुद्रावरून थेट आल्यासारखे आले.

“काकू, बेसिकली हा चाइल्ड सेफ्टीचा इश्यू आहे.”

“इथे काकू म्हणायचं नाही,” मी म्हटलं.

“सॉरी काकू. म्हणजे, माझा मुलगा खूप अफेक्ट झाला. ही वॉज रियली हर्ट.”

“तो काय म्हणाला तुम्हाला?”

“तो एक्झॅक्टली काही म्हणाला नाही. पण आईवडिलांना कळतं ना.”

एका आईने फोनवर नाटकाचं चित्रण केलं होतं. ते मी लावायला सांगितलं. दोन मिनिटांचंच. बटाटे गोणीतून गडगडत बाहेर येतात असा प्रसंग होता, आणि डॉक्टरांचा मुलगा सगळ्यांत पुढे, पोटाशी उशी बांधून, रंगमंचभर लोळत हसत होता. त्याला थांबवायला दुसऱ्या दोन बटाट्यांना उठावं लागलं. खोलीतली माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत, खिडकीबाहेर बघू लागले.

बाई फार बोलल्या नाहीत. तालमींची हजेरी वहीत लिहिलेली होती, ती पुढे ठेवली. मुलाच्या आईला त्यांनी दोनदा फोनवर मेसेज केला होता, तो दाखवला. मग म्हणाल्या, “मॅडम, वर्ग परत नाही मिळाला तरी चालंल. पण एक आहे. मी तीन वर्षं लहान मुलांच्या शाळेतल्या शिक्षिकेचा कोर्स केला. आता एका सेंटरमधी नोकरी जवळजवळ मिळालीय. त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न हाय. मुलांच्या बाबतीत तुमच्यावर कुठं तक्रार चालू आहे का, का सिद्ध झालीय. महिनाअखेरच्या शुक्रवारी तो फॉर्म द्यायचा हाय. त्याच्या आत तुमचा निकाल मिळाला तर मी बिनधास्त ‘नाही’ लिहिते.”

“बघते,” मी म्हणाले.

खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी येऊन जेवले, पडले नाही, लॅपटॉप उघडला आणि चार तासांत निकाल लिहून काढला. तक्रारीत तथ्य नाही, मुलाला कोणतीही इजा झालेली नाही, समितीने बाईंचं म्हणणं न ऐकता घेतलेला निर्णय रद्द. साडेतीन पानं. बऱ्याच वर्षांनी इतकं नीट लिहिलं होतं, म्हणून दोनदा वाचलं. खाली त्या शनिवारची तारीख घातली. दिवेलागणीला मुलगी हॉस्पिटलमधून आली, ती औषधविभागात आहे, तिला सांगितलं.

ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली, “आई, एजीएम पुढच्या पुढच्या संडेला आहे ना? मग आत्ता कशाला? घटनेत वीस वर्किंग डेजची मुदत आहे. यू हॅव हीप्स ऑफ टाइम. तुझंही व्होटिंग आहे त्याच दिवशी.”

“माझं व्होटिंग गेलं खड्ड्यात,” मी म्हटलं. पण पाठवा असं लिहिलेलं बटण मी त्या संध्याकाळी दाबलं नाही. सोमवारी सकाळी ताज्या डोक्याने एकदा वाचून मग पाठवू, असं स्वतःला सांगितलं. सोमवारी मी तो वाचला. त्यात एक स्वल्पविराम बदलला.

असाच आठवडा गेला आणि महिनाअखेरच्या बुधवारी सकाळी डॉक्टरांच्या बायकोचा फोन आला. आज संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू, तुम्ही यायचंच. मी विधवा आहे. माझ्या नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी गेले नव्हते असं नाही, दरवर्षी जायची, पण कशी, तर “काकू, तुम्ही जरा दुधाकडे बघता का आत?” अशी. बाहेर कुंकू लावणं चालायचं आणि मी आत मसाला दूध ढवळत उभी. कुणी वाईट बोलायचं नाही. सगळ्या शिकलेल्या, परिचारिका, इंजिनिअर, त्यांना वाईट वागताच येत नाही. त्या फक्त एक काम काढून द्यायच्या.

या वेळी दारातच ताट घेऊन उभी होती ती. पाच खोल्यांचं घर, दाराशी चपलांचा ढीग, आत गर्दीपुढे हात टेकलेला एसी आणि केवड्याचं अत्तर. “काकू, आमच्याकडे असले जुने विचार नाहीत,” असं म्हणत तिने सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला कुंकू लावलं, गजरा दिला, वाण दिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने फोटो काढला. कुणीतरी “सो प्रोग्रेसिव्ह” म्हणालं. दोन वर्षांपूर्वी याच घरी मी दूध ढवळलं होतं, तेव्हा हे विचार कुठल्या कपाटात होते, असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. उलट मी न्हाणीघरात गेले, आरशात बघितलं आणि मला रडू आलं. बरं वाटलं म्हणून रडू आलं. याची मला सगळ्यांत जास्त किळस येते, अजूनही.

बाहेर आले तर तिळगुळाच्या ताटलीशेजारी छापील कागदांचा गठ्ठा होता. उकाड्याने तिळगूळ चिकट झालेला, म्हणून कागदांच्या कडांना बोटांचे डाग. ते प्रॉक्सीचे अर्ज होते. ज्याला सभेला यायचं नाही त्याने सही करून आपलं मत दुसऱ्याच्या हाती द्यायचं. बायका हातावर तिळगूळ घेत होत्या आणि खाली वाकून सही करत होत्या. काहींनी तर नवऱ्याच्याही सह्या केल्या.

डॉक्टरांची बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, तुमचं काही टेन्शन घेऊ नका. आमच्या ग्रुपच्या सगळ्या प्रॉक्सीज तुम्हाला ‘हो’. आम्ही सगळ्यांना सांगतो, अशी माणसं मंडळाला मिळत नाहीत.”

मी हातातला तिळगूळ तोंडात टाकला.

“आणि ते टीचरचं मॅटर. तुम्हाला जो योग्य वाटेल तोच निर्णय द्या, आमचं काही म्हणणं नाही. फक्त इलेक्शन होऊन जाऊ दे. उगाच आत्ता कम्युनिटीत चर्चा नको. नंतर शांतपणे बघा. घाई कुठे आहे?”

घाई कुठे होती ते मला माहीत होतं. शुक्रवारी होती, दोन दिवसांवर. बोलायला तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी पदराने कपाळाचा घाम टिपला, कुंकू पुसलं जाऊ नये अशा बेताने, आणि म्हणाले, “मुदत आहे अजून.”

गॅसचे सिलिंडर परत धाडणाऱ्या बाईला विकत घ्यायला चिमूटभर कुंकू पुरलं. वर तिच्याकडे चुकीचा निकालही मागितला नव्हता. मागितला असता तर मी ताट उधळून बाहेर पडले असते आणि आयुष्यभर त्याची गोष्ट सांगत बसले असते. त्यांनी फक्त चार दिवस मागितले, आणि ते मागताना मला काकू म्हणाले.

गुरुवारी बाईंचा मेसेज आला. ‘मॅडम, निकालाची वाट बघते. उद्या दुपारपर्यंत मिळाला तरी चालेल.’ खाली हात जोडलेलं चित्र. मी उत्तर लिहिलं, ‘प्रकरण विचाराधीन आहे.’ नोकरीत हे वाक्य मी हजारदा लिहिलं असेल, त्यात कुठे काही खटकण्यासारखं नाही. शुक्रवारी सकाळपासून फोन पालथा ठेवला. दुपारी भेंडी चिरली, एकेक भेंडी पुसून, जणू घरी पन्नास माणसं जेवायला यायची होती. तीन वाजता लायब्ररीला पुस्तकं परत करायला चालत गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मीटिंग रूम हवी आहे का. मी नको म्हटलं.

शनिवारी आणि रविवारी सकाळी माझ्या फोनवर इतक्या लोकांचे सुप्रभात आले की मला वाटलं कुणीतरी वारलं. ज्यांनी कधी नमस्काराला नमस्कार केला नव्हता ते फुलांची चित्रं पाठवत होते. अमेरिकेहून आलेल्या गृहस्थांनी गटावर एक लांबलचक मजकूर टाकला, त्यात माझी कारकीर्द होती. निर्भीड, निःपक्षपाती, वगैरे. तो वाचताना माझी मलाच लाज वाटली आणि तरी मी तो मुलीला वाचून दाखवला. म्हणजे आवडलाही होता.

सभेत मी ‘हो’च्या चौकटीत खूण केली. स्वतःला. मग घडी घालून कागद खोक्यात टाकला. मतं मोजायला वेळ लागला, कारण प्रॉक्सींचा गठ्ठा जाड होता आणि कागद एकमेकांना चिकटले होते. डॉक्टर अध्यक्ष झाले. मला ‘हो’ची भरघोस मतं मिळाली. माझं नाव पुकारलं तेव्हा लोक उभे राहिले. बाई आल्या नव्हत्या. मागच्या रांगेत त्यांच्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया होत्या, त्या टाळ्या वाजवत होत्या, अगदी मनापासून. वांगं झालेली मुलगी त्यातल्या एकीच्या मांडीवर झोपली होती.

सोमवारी सकाळी आठला मी निकाल पाठवला. पाठवण्याआधी एक गोष्ट केली. शेवटच्या पानावरची शनिवारची तारीख काढून सोमवारची घातली. एकतीस वर्षांत मी आदेशावर खोटी तारीख घातली नव्हती. माझ्या हाताखालच्या एका कारकुनाला मी एकदा त्यासाठी निलंबित करवलं होतं, त्याची बायको घरी येऊन पाया पडली तरी ऐकलं नव्हतं.

अकराच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला. मी मनातल्या मनात तयारी केली. भांडायला आला तर बरं, असंच वाटत होतं.

“काकू, निकाल वाचला. व्हेरी फेअर. आम्हाला पूर्ण मान्य आहे. मी आजच कमिटीला सांगतो, टीचरना परत बोलवा. स्वीट ॲज, एकदम झकास.”

“तुमची तक्रार मी फेटाळली आहे,” मी म्हटलं. त्याला कळलं नसावं अशी मला आशा होती.

“हो हो, ते ठीक आहे. तेव्हा जरा इमोशनल झालो होतो. मुलगा तर अजून बटाटाच करत फिरतो घरभर.” आणि तो हसला.

फोन ठेवला आणि मी खरोखरच बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. माझा निकाल त्याला काहीच लागला नव्हता. ज्याच्यावर तो होता त्याला त्याची झळ नाही, जिच्यासाठी होता तिला त्याचा उपयोग नाही. नुसती सुंदर साडेतीन पानं.

बाईंकडून ‘मिळाला, धन्यवाद’ एवढंच आलं. त्या वर्गावर परत आल्या नाहीत. समितीने दोनदा बोलावलं, त्यांनी जमत नाही म्हणून कळवलं. समितीतल्या एकाने मला सांगितलं, बघा, निकाल बाजूने लागला तरी लोकांना इगो असतो. त्यालाही मी काही बोलले नाही. न बोलण्याची मला आता चांगलीच सवय झाली होती.

मार्च उजाडला. एका रविवारी मुलगी मला अवोन्डेलच्या बाजाराला घेऊन गेली. ती गाडी लावायला जागा शोधत होती, मी पुढे होऊन पालेभाज्यांपाशी उभी राहिले. शेजारी कुणीतरी मेथीच्या जुडीचा वास घेत होतं. वर बघितलं तर बाई.

“मॅडम,” त्या म्हणाल्या आणि सवयीने थोडं मागे सरकल्या, मला जागा द्यायला.

मी विचारलं, “कशा आहात? नोकरीचं काय झालं?” हे विचारायला मला सहा आठवडे लागले होते.

“नाही झालं. फॉर्मवर मी ‘तक्रार चालू आहे’ असंच लिहिलं. खोटं कसं लिहायचं? त्यांचा फोन आला मग. चांगल्या बोलल्या त्या बाई. म्हणाल्या, मुलांच्या सेफ्टीचं आहे, आम्हाला थांबता येत नाही. दुसरी घेतली.”

“पण मग निकाल आल्यावर...”

“पाठवला ना मी त्यांना. त्यांनी वाचला. म्हणाल्या, फार छान लिहिलाय, पुढच्या वर्षी जागा निघाली तर बघू.” त्यांनी मेथीची जुडी पिशवीत ठेवली. “बेकरी चालू हाय. पहाटे चारला जाते, दुपारी मोकळी. काय वाईट नाही.”

“घटनेत वीस दिवसांची मुदत होती,” मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. “मी मुदतीच्या आतच दिला.”

“हो, मुदतीच्या आतच दिलात.”

भाजीवाली पैसे मागत होती, बाई सुटे शोधत होत्या. मग पिशवी खांद्याला लावता लावता, अगदी सहज, मुलांना पुन्हा मराठीत विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, “मॅडम, एक विचारू? तुम्ही तो निकाल लिहिला कधी?”

माझ्यापुढे मुळ्याच्या जुड्या होत्या, ओल्या, मातीसकट. मी त्यांच्याकडे बघत म्हणाले, “सोमवारी. रविवारी सभा होती ना, त्यामुळे सोमवारीच बसले.”

“मग ठीक आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं दिसलं. “माझे मिस्टर म्हणत होते, लिहून ठेवला असंल आधीच. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, त्या मॅडम तशा नाहीत. तयार असता तर त्यांनी पाठवलाच असता.”